चषकावरचं राजाचं डोकं

जुना जॉर्जियन चांदीचा चषक हाती आला, की एक गोष्ट हमखास सांगितली जाते: ‘तळाशी राजाचं डोकं आहे, म्हणजे हा राजाच्या घरचा, शेजारची अक्षरं मूळ मालकाची.’ (जॉर्जियाचा इथे संबंध नाही, 1714 पासून इंग्लंडच्या गादीवर ओळीने बसलेल्या चार जॉर्जांचा हा काळ.)

दोन्ही चूक. ते डोकं म्हणजे चक्क कर भरल्याची पावती! 1784 मध्ये सरकारने चांदीवर औंसाला सहा पेनी कर बसवला आणि तो भरल्याची खूण म्हणून तिसऱ्या जॉर्जचं डोकं ठोकायला सुरुवात केली. ही पद्धत 1890 पर्यंत चालली, त्यामुळे असं डोकं साध्या चमच्यांवरही सापडतं. सोबतचा चालता सिंह 92.5 टक्के शुद्धतेचा, तर एकटं अक्षर तपासणीच्या वर्षाचं.

आणि ती आद्याक्षरं कारागिराची. लपेटदार ‘एच बी’ दिसलं तर ती बहुधा हेस्टर बेटमन. नवरा गेल्यावर या बाईने 1761 मध्ये लंडनला स्वतःचा शिक्का नोंदवला आणि कारखाना नावारूपाला आणला. मला तर कुठल्याही राजापेक्षा तीच जास्त भावते.

मालक शोधायचा तर ठोकलेलं सोडून कोरलेलं बघा: घराण्याचं चिन्ह किंवा त्रिकोणात मांडलेली तीन अक्षरं, वर आडनाव, खाली नवरा-बायको. तरी सावध! नंतरचे मालक जुनं कोरीवकाम घासून आपलं चिन्ह कोरून घेत. तिथला पत्रा बोटांना पातळ लागला, तर पहिला मालक पुसला गेला असं समजा.