विष पोटात गेल्यानंतरचे शांत तास

सोमवारी संध्याकाळी कुत्रा उंदीर मारायच्या औषधाची वडी खातो. रात्री नेहमीसारखा जेवतो. मंगळवारी चेंडूमागे धावतो, बुधवारी दारावर कोणी आलं की भुंकतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो: थोडंसंच खाल्लं असेल, पचलं. गुरुवारी किंवा शुक्रवारी तोच कुत्रा कोपऱ्यात पडून राहतो. हिरड्या पांढऱ्याफटक, श्वास जड. बाहेर कदाचित रक्ताचा थेंबही दिसत नाही, कारण रक्त छातीच्या पोकळीत साचत असतं.

मधल्या तीन-चार दिवसांत काय चाललेलं असतं? रक्त गोठवणारे काही घटक यकृत बनवतं. त्यांपैकी चार, म्हणजे दुसरा, सातवा, नववा आणि दहावा, कामाचे व्हायचे तर व्हिटॅमिन के लागतं. शरीर हे व्हिटॅमिन एकदा वापरून टाकून देत नाही. एका एन्झाइमच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या, मदतीने ते पुन्हा पुन्हा ताजं करून घेतं. रक्त पातळ करणारी उंदीरनाशकं नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतात. पण रक्तात आधीच तयार असलेले घटक आपलं काम करत राहतात. घरात धान्य भरलेलं असेल तर बाजार बंद पडल्याचं लगेच जाणवत नाही, तसंच हे. सातवा घटक काही तासांतच निम्म्यावर येतो, बाकीचे सावकाश. साठा संपायला साधारण तीन ते पाच दिवस लागतात आणि मग रक्त गोठायचं थांबतं.

हा उशीर म्हणजे औषधातली उणीव नाही, तोच त्याचा गुण आहे. उंदीर भलता संशयी प्राणी. नवं काही खाऊन लगेच पोटात दुखलं तर तो पुन्हा त्या खाण्याला तोंड लावत नाही. त्रास चार दिवसांनी झाला तर त्याला दोन्हींचा संबंध लागत नाही. आणि खरं सांगायचं तर माणसालाही लागत नाही. या रसायनाचा शोधही गुरांच्या अशाच कोड्यात टाकणाऱ्या मृत्यूंतून लागला. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली होती. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी न गोठणारं रक्त दुधाच्या कॅनमध्ये भरून कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत घेऊन आला. त्या रक्ताचा माग काढता काढता आधी डायक्युमरॉल हे रक्त गोठू न देणारं रसायन सापडलं आणि पुढे वॉरफरिन तयार झालं. वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीरनाशक म्हणून बाजारात आलं. नंतर तेच माणसांच्या रक्तातल्या गुठळ्यांवरचं औषध झालं. आज उंदरांसाठी वापरली जाणारी ब्रोडिफॅकूमसारखी पुढच्या पिढीची रसायनं वॉरफरिनहून जहाल आहेत आणि यकृतात आठवडेच्या आठवडे टिकतात.

आता उपचाराकडे पाहा. वडी खाल्ल्यावर तासा-दोन तासांत पशुवैद्याने उलटी करवली तर बरंचसं विष बाहेर पडतं. उरलेल्यासाठी व्हिटॅमिन के-१ च्या गोळ्या, बहुधा तीन-चार आठवडे. गोळ्या संपल्यावर ४८ ते ७२ तासांनी रक्त किती वेळात गोठतं याची तपासणी. एवढंच. तोच कुत्रा शुक्रवारी आणला तर रक्त चढवावं लागतं, ऑक्सिजन लावावा लागतो आणि तरीही खात्री नसते. विष तेच, उतारा तोच. फरक पडतो तो त्या शांत दिवसांचं आपण काय केलं याने.

‘आत्ता तर बरा दिसतोय, सकाळी बघू’ हे वाक्य म्हणूनच घातक आहे. घरातल्या अनेक वाईट विषांना अशी शांत वेळ असते. गाडीच्या कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल घ्या. ते चवीला गोडसर असतं. सांडलेलं चाटलं की सुरुवातीला जनावर दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, उलट्या करतं, पाणी पाणी करतं. काही तासांनी कुत्रा सावरलेला दिसतो, आणि नेमकं तेव्हाच यकृत त्या रसायनाचं रूपांतर आम्लांत करत असतं. शेवटी त्यातून तयार झालेले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये अडकतात. इथला उतारा गमतीदार आहे: यकृतात हे रूपांतर घडवणारं एन्झाइमच अडवून धरायचं. त्यासाठी फोमेपिझोल देतात. ते नसेल तर रुग्णालयात, मोजूनमापून, चक्क अल्कोहोल शिरेतून देतात. एन्झाइम त्यात गुंतून पडतं आणि मूळ रसायन न बदलता लघवीवाटे निघून जातं. मात्र हे मांजरात साधारण तीन तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, कुत्र्यात आठ ते बारा तासांच्या आत. एकदा स्फटिक बसले की अडवायला काही उरत नाही.

मांजर आणि लिली ही जोडी याहून विचित्र. खऱ्या लिली आणि डे-लिली यांचं पान, पाकळी, अंगावर पडलेले आणि चाटले गेलेले परागकण, फुलदाणीतलं पाणी, यांपैकी काहीही मांजराची किडनी एक ते तीन दिवसांत निकामी करू शकतं. नेमकं कोणतं रसायन हे करतं ते अजून हाती लागलेलं नाही. कुत्र्याने तीच पानं खाल्ली तर पोट बिघडतं, किडनीला काही होत नाही. मांजर सुरुवातीला दोन-चार उलट्या करतं, मग त्या थांबतात आणि घरातले निर्धास्त होतात. साधारण पहिल्या १८ तासांत सलाईन सुरू झालं तर बहुतेक मांजरं वाचतात. लघवी बंद झाल्यावर फारसं काही करता येत नाही. पीस लिली नावाने विकली जाणारी कुंडीतली झाडं मात्र या कुळातली नाहीत. ती चावली तर तोंडाची आग होते, लाळ गळते, पण किडनी जात नाही. म्हणून झाडाचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवावा, नुसतं नाव सांगून भागत नाही.

मात्राच विष ठरवते, असं पॅरासेल्सस या युरोपीय वैद्याने १५३८ मध्ये लिहिलं. त्यात एक भर घालायला हवी: मात्रा कोणाच्या शरीरात जाते तेही पाहा. पॅरासिटामॉल आपण बिनधास्त घेतो, कारण आपलं यकृत त्याला एक साखरेसारखा रेणू जोडून ते बाहेर टाकतं. हा जोड लावणाऱ्या एन्झाइमचं जनुक मांजराच्या, किंबहुना अख्ख्या मार्जारकुळाच्या, शरीरात मोडीत निघालेलं आहे. पिढ्यान् पिढ्या केवळ मांस खाणाऱ्यांना वनस्पतींमधली विषं पचवायची गरज पडली नाही, म्हणून ते बिघडलं तरी चाललं, असं समजलं जातं. परिणाम असा की ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. त्याचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या चॉकलेटी दिसू लागतात, तोंड आणि पंजे सुजतात. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तोही लवकर मिळायला हवा. इथे विष देणारा हात बहुधा प्रेमाचाच असतो, ताप वाटला म्हणून अर्धी गोळी भरवणारा. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे पिसवा-गोचिडांचे थेंब मांजराला टाकणं हाही त्याच जातीचा अपघात. त्यातलं पर्मेथ्रिन हे कीटकनाशक कुत्र्याला सोसतं, मांजराला थरथर आणि झटके आणतं.

कुत्र्याची दुबळी बाजू वेगळी आहे. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन त्याच्या शरीरात निम्मं व्हायला १७-१८ तास लागतात, माणसाच्या जवळजवळ दुप्पट. किलोमागे २० मिलिग्रॅमपासून उलट्या आणि अस्वस्थपणा सुरू होतो, ४० च्या पुढे हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या आसपास झटके येतात. चॉकलेटचा प्रकार इथे फार महत्त्वाचा. १० किलोच्या कुत्र्याला पहिला टप्पा गाठायला दुधाचं चॉकलेट १०० ग्रॅमच्या आसपास लागेल, बिनसाखरेचं बेकिंगचं चॉकलेट १५ ग्रॅमही पुरे. पांढऱ्या चॉकलेटात थिओब्रोमीन जवळजवळ नसतंच.

तरी चॉकलेटची जेवढी भीती असते तेवढी झायलिटॉल या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड पदार्थाची नसते, आणि हे उलट असायला हवं. ‘शुगर-फ्री’ च्युइंगम, काही टूथपेस्टी, खोकल्याची औषधं, कधी कधी शेंगदाण्याचं बटर यांत हा गोडवा असतो. माणसाच्या स्वादुपिंडाला त्याने काही वाटत नाही. कुत्र्याचं स्वादुपिंड त्याला साखर समजून भरपूर इन्सुलिन सोडतं आणि रक्तातली साखर अर्ध्या तासातही कोसळू शकते. किलोमागे ०.१ ग्रॅम पुरतं, म्हणजे ५ किलोच्या कुत्र्याला अर्धा ग्रॅम. काही च्युइंगमच्या एक-दोन तुकड्यांत एवढं असतं. मात्रा याच्या पाचपट झाली तर यकृतही जाऊ शकतं.

द्राक्षं आणि बेदाण्यांनी काही कुत्र्यांच्या किडन्या जातात आणि काहींना काहीच होत नाही, हे बरीच वर्षं कोडं होतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या काही पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. क्रीम ऑफ टार्टार, म्हणजे बेकिंगमध्ये वापरली जाणारी याच आम्लाच्या क्षाराची पूड, घालून घरी बनवलेली खेळायची कणीक खाल्लेल्या कुत्र्यांच्या किडन्या अगदी तशाच बिघडल्या होत्या. द्राक्षात हे आम्ल जातीनुसार आणि पिकण्यानुसार कमी-जास्त असतं, त्यामुळे ‘मागच्या वेळी खाल्ली होती, काही झालं नाही’ याला अर्थ उरत नाही. कांदा-लसणाचा त्रास याहून संथ. त्यातली गंधकयुक्त संयुगं तांबड्या पेशी फोडतात, आणि अशक्तपणा दिसायला काही दिवस जातात. शिजवल्याने ती संयुगं निष्प्रभ होत नाहीत. मांजर इथेही कुत्र्यापेक्षा नाजूक.

प्रसंग आलाच तर पहिलं काम म्हणजे उरलेलं विष जनावरापासून दूर करणं आणि फोन उचलणं. फोनवर चार गोष्टी विचारल्या जातील: काय, किती, कधी आणि जनावराचं वजन. किती खाल्लं ते माहीत नसेल तर पाकिटात आधी किती होतं आणि आता किती उरलंय ते सांगावं, आणि अंदाज वाईटात वाईट धरावा. पाकीट सोबत न्यावं. उंदीरनाशकाचं तर नक्कीच, कारण सगळी उंदीरनाशकं रक्त पातळ करणारी नसतात. ब्रोमेथालिन मेंदूला सूज आणतं, कोलेकॅल्सिफेरॉल रक्तातलं कॅल्शियम वाढवून किडनी बिघडवतं, आणि या दोन्हींवर व्हिटॅमिन के काहीही करत नाही. झिंक फॉस्फाइडची तर वेगळीच भानगड. पोटातल्या आम्लाशी त्याचा संपर्क आला की फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. पोट भरलं की आम्ल वाढतं, म्हणून अशा जनावराला काही खायला घालू नये. आणि ते गाडीत ओकलं तर काचा उघडून आधी माणसांनी बाहेर पडावं.

घरगुती उपायांबद्दल माझं मत कडक आहे. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं बंद व्हायला हवं. उलटी झाली नाही तर ते मीठच रक्तातलं सोडियम वाढवून मेंदूला इजा करतं. दूध किंवा तेल विष ‘मारत’ नाही. तेलकट पदार्थ घशातून फुप्फुसात जायचा धोका तेवढा वाढतो. घशात बोटं घालून चावे आणि जखमा पदरी पडतात. आणि उलटी नेहमी हिताचीही नसते. ॲसिड, कॉस्टिक सोडा किंवा तत्सम क्लीनर आत जाताना अन्ननलिका भाजतात, बाहेर येताना पुन्हा भाजतात. रॉकेल-पेट्रोल श्वासनलिकेत शिरतं. झटके येणाऱ्या किंवा शुद्ध हरपलेल्या जनावराला उलटी करवली तर ते गुदमरू शकतं. सशाला तर उलटी करताच येत नाही. कुत्र्यासाठी काही डॉक्टर फोनवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा सल्ला देतात, पण तो त्यांनी, मात्रा सांगून दिला तरच. मांजराला ते कधीही देऊ नये, जठराला जखमा होतात. रुग्णालयात उलटीसाठी याहून सुरक्षित इंजेक्शनं असतात.

सक्रिय कोळशाचंही तसंच. त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास असतो आणि अनेक विषं त्याला चिकटून बसतात. पण झायलिटॉल, इथिलीन ग्लायकॉल, अल्कोहोल आणि लोखंडासारखे धातू फारसे चिकटत नाहीत. त्यामुळे तोही स्वतःच्या मनाने द्यायची गोष्ट नव्हे. घरी खरोखर करण्याजोगं एक काम आहे: विष अंगावर सांडलं असेल तर ते जनावराने चाटायच्या आत धुणं. तेलकट द्रव्य असेल तर भांड्यांचा सौम्य द्रवसाबण आणि कोमट पाणी, नंतर अंग पुसून ऊब. डोळ्यात गेलं असेल तर १५-२० मिनिटं स्वच्छ पाणी.

खबरदारीचं बहुतेक सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. उंच फळी कुत्र्याला अडवते, मांजराला नाही; दोघांनाही अडवतं ते बंद दार. पाहुण्यांच्या पिशव्या आणि पर्स जमिनीवर नको, त्यांत गोळ्याही असतात आणि च्युइंगमही. मांजर असलेल्या घरात लिली आणूच नये. सायकसच्या बिया आणि कण्हेर कुत्र्याच्या वाटेत नकोत: सायकस यकृत घालवतं, कण्हेर हृदय. उंदरांचा बंदोबस्त करायचा असेल तर पिंजरा किंवा सापळा वापरावा.

पिंजऱ्यातले पक्षी या सगळ्याला अपवाद आहेत: त्यांच्या बाबतीत शांत वेळ मिळतच नाही. नॉन-स्टिक भांडं रिकामंच आचेवर राहून फार तापलं की त्याच्या लेपातून वायू सुटतो. माणसाला क्वचित तापासारखं वाटतं. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने अखंड वाहते. ऑक्सिजन टिपण्यात ती यंत्रणा आपल्यापेक्षा सरस आहे आणि म्हणूनच विषारी वायूही ती तितक्याच तत्परतेने टिपते. पोपट किंवा बजरीगर काही मिनिटांत मरू शकतो, आणि यावर उताराही नाही. पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याला लागून ठेवू नये, आणि पक्षी असलेल्या घरात रिकामा तवा आचेवर ठेवून उठू नये.