खंडेनवमीची ढाल: कातडं कशाचं, घडण कुठली?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या वाड्यांत खंडेनवमीला तलवारीशेजारी ढालही पूजेला लागते. ती गेंड्याच्या कातड्याची आहे, असं बहुतेक घरांत सांगतात. गेंडा आपल्या मुलखातला नव्हे. त्याचं कातडं व्यापारातून यायचं, पार आफ्रिकेच्या किनाऱ्यावरूनसुद्धा, आणि अर्थातच महाग पडायचं. साध्या शिपायाच्या हातात म्हशीच्या कातड्याची ढाल असे, तीही तलवारीचा वार झेलायला पुरेशी.

अथणीच्या चपला बघत वाढलेल्या माणसाला ही ढाल त्याच कातड्याची वाटते. तसं नाही. चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. ढालीचं मात्र बहुधा कच्चंच असे: केस काढायचे, खरवडायचं, ओलं असताना फुगीर आकार द्यायचा आणि तसंच कडक वाळू द्यायचं. वरून लाखेचे किंवा रोगणाचे हात.

म्हणून लाख जिथं उडाली आहे ती कड आधी बघावी. तिथं केसांच्या मुळांची बारीक, दाट टिंबं दिसली तर गेंड्याची गोष्ट बहुधा मिटली. मागून बॅटरी धरून मधासारखा उजेड दिसला की लोक हरखतात, पण नीट खरवडलेलं म्हशीचं कातडंही उजेड आरपार सोडतं. ढालीच्या पुढच्या चार फुल्या, म्हणजे धातूच्या फुगीर गुंड्या, निव्वळ शोभेच्या नसतात. त्यांच्याच खिळ्यांनी मागच्या कड्या धरलेल्या असतात. कड्यांत मुठीचे पट्टे, मध्ये बोटांना लागू नये म्हणून गादी. तिथं स्क्रू दिसला तर नंतरची डागडुजी समजा.

घडण कुठली, हे ठरवणं जास्त अवघड. अहमदाबाद आणि मेवाडच्या लाखकामाच्या ढाली नावाजलेल्या होत्या. नजराणा, लूट, फौजेचं सामान अशा वाटांनी ढाली फिरत राहिल्या, त्यामुळे बेळगावात सापडली म्हणून ती इथलीच ठरत नाही. त्यात 1857 साली शस्त्रं जमा करण्याचा इंग्रजांचा हुकूम निघाला. त्याविरुद्ध मुधोळ संस्थानातल्या हलगली गावच्या बेडर जमातीनं बंडच केलं. पुढे हत्यारं बाळगण्यावर निर्बंध घालणारा 1878 चा शस्त्र कायदा आला. दुसरीकडे साहेबांना भेट द्यायला आणि प्रदर्शनात मांडायला नक्षीदार ढाली तयार होतच होत्या. फार चकचकीत ढालीबद्दल मला आधी हीच शंका येते.

गेंड्याची निघालीच तर ती विकता येत नाही, 1972 चा वन्यजीव कायदा आडवा येतो. शंभर वर्षांहून जुनी ढाल, कातडं कोणतंही असो, परदेशी पाठवण्यावर त्याच वर्षीच्या पुरावस्तू कायद्याची बंदी आहे.