सांगो: उबांगीच्या काठावरून राजभाषेपर्यंत

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात सांगो फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा आहे. बाजारात, चर्चमध्ये, रेडिओवर तीच ऐकू येते. तिचा पाया मात्र उबांगी नदीकाठच्या एका समाजाच्या न्गबांदी भाषेचा.

१८८०च्या दशकात बेल्जियन आणि फ्रेंच मोहिमा या नदीने वर सरकू लागल्या. १८८९मध्ये फ्रेंचांनी बांगी हे ठाणे वसवले. सोबत आलेले सैनिक, हमाल, वल्हेकरी दूरदूरचे, वेगवेगळ्या भाषांचे. अन्न मागायला, सौदा करायला त्यांनी न्गबांदी जमेल तशी उचलली, असे भाषाशास्त्रज्ञ विल्यम समरिन यांचे मत. व्यापाराची अशी भाषा इथे आधीपासूनच होती, असे इतर काही अभ्यासक मानतात. मला समरिन अधिक पटतात. सांगोत हाताला ‘माबोको’ म्हणतात. हे बांटू या आफ्रिकेतल्या मोठ्या भाषासमूहातले अनेकवचन; न्गबांदी त्या समूहातली नाही. सांगोत ते एका हातालाही चालते. बाहेरून आलेल्या माणसांचा ठसा इथे स्पष्ट दिसतो.

मूळ शब्द थोडे, पण जोडणी विलक्षण. ‘न्गु’ म्हणजे पाणी, ‘ले’ म्हणजे डोळा आणि ‘ती’ हा आपल्या चा-ची-चे सारखा दुवा. ‘न्गु ती ले’ म्हणजे डोळ्याचे पाणी, अर्थात अश्रू. ‘दा’ म्हणजे घर, ‘म्बेती’ म्हणजे कागद. दोन्ही मिळून ‘दाम्बेती’, म्हणजे शाळा. फ्रेंच शब्दही पुष्कळ शिरले, विशेषतः शहरात. पण रोजच्या बोलण्याचा कणा न्गबांदीचाच राहिला.

मिशनऱ्यांनी प्रवचनांसाठी आणि पुस्तकांसाठी हीच भाषा घेतली. स्वातंत्र्यलढ्याचे नेते बार्तेलेमी बोगांदा यांचे ‘झो क्वे झो’ (प्रत्येक माणूस माणूसच आहे) हे घोषवाक्य सांगोतलेच. १९६०मध्ये देश स्वतंत्र झाला. १९६४मध्ये सांगो राष्ट्रभाषा ठरली, १९९१मध्ये राजभाषा.

लिपी रोमन, अधिकृत लेखनपद्धती १९८४ची. स्वर उच्चारतानाच्या सुराची उंची तीन प्रकारची: उंच स्वरावर टोपी (^), मधल्यावर दोन टिंबे, खालचा मोकळा. उंची बदलली की अर्थ बदलू शकतो, म्हणून या खुणा हव्यातच.

एवढे होऊनही शिक्षण मुख्यतः फ्रेंचमध्येच चालते, ही मला मोठी उणीव वाटते. बांगीत अनेक मुलांची पहिली भाषा आता सांगोच आहे. विज्ञान आणि कायद्याचे शब्द तिच्यातूनच घडवण्याचे काम मार्सेल दिकी-किदिरी यांच्यासारख्या तिथल्याच भाषाशास्त्रज्ञांनी हाती घेतले.