दुर्बिणीच्या तपासणीमागचे शब्द

‘पोटात दुर्बीण घालून पाहावे लागेल’ हे वाक्य मराठी घरांना आता अपरिचित राहिलेले नाही. दुर्बीण हा शब्द फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ दूरचे पाहणारे साधन असा आहे. एंडोस्कोप, म्हणजे शरीराच्या आत पाहण्याची नळी, मात्र जवळचे, आपल्याच देहातले, पण उघड्या डोळ्यांना कधी न दिसणारे दाखवतो. तरीही जठराची गॅस्ट्रोस्कोपी, मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपी, मूत्राशयाची सिस्टोस्कोपी आणि पोटावर छिद्रे घेऊन केलेली लॅपरोस्कोपी या सर्वांना मराठीने हाच एक शब्द लावला. या सोयीत दोन भेद झाकले जातात. नुसते पाहणे वेगळे आणि उपचार करणे वेगळे. तसेच नैसर्गिक मार्गाने आत जाणे वेगळे आणि छेद घेऊन जाणे वेगळे. अहवालातल्या आणि संमतिपत्रातल्या संज्ञांमध्ये हे भेद नोंदलेले असतात, आणि त्या संज्ञा कोणत्या क्रमाने घडल्या हे पाहिले की ते उलगडतात.

पहिली अडचण प्रकाशाची होती. फ्रँकफर्टचे डॉक्टर फिलिप बोझिनी यांनी १८०६ च्या सुमारास मेणबत्ती, आरसा आणि नळ्या यांचे उपकरण घडवले आणि त्याला ‘लिश्टलायटर’, म्हणजे प्रकाशवाहक, असे नाव दिले. व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्याशाखेने ते उचलून धरले नाही आणि बोझिनी १८०९ मध्ये टायफसने अकाली गेले. ‘एंडोस्कोप’ हे नाव १८५३ मध्ये पॅरिसचे अंतोनँ देसोर्मो यांनी दिले. ग्रीकमध्ये ‘एंडो’ म्हणजे आत आणि ‘स्कोपेइन’ म्हणजे निरखणे. त्यांच्या उपकरणात अल्कोहोल आणि टर्पेंटाइन यांच्या मिश्रणावर जळणारा दिवा बाहेरच असे. पुढे १८७९ मध्ये मॅक्सिमिलियन नित्झे यांनी प्रकाशाचा स्रोतच मूत्राशयात नेणारा सिस्टोस्कोप व्हिएन्नामध्ये दाखवला. जठराची वाट याहून अवघड होती. फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमाउल यांनी १८६८ मध्ये सरळ, कडक नळी जठरापर्यंत नेऊन पाहिली, पण त्यासाठी त्यांना तलवार गिळण्याचा खेळ करणाऱ्या माणसाचे साहाय्य घ्यावे लागले. सामान्य रुग्णाला ती नळी सोसणे शक्यच नव्हते.

नळी वाकली पाहिजे आणि तिच्यातून चित्रही यायला हवे, ही कोंडी काचेच्या तंतूंनी फोडली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेण्याविषयीचे संशोधन १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. मिशिगन विद्यापीठातल्या बॅसिल हिर्शोविट्झ यांनी त्या तत्त्वावर बनवलेला लवचीक गॅस्ट्रोस्कोप १९५७ मध्ये आधी स्वतः गिळला आणि मगच रुग्णावर वापरला. या धैर्याची नोंद आपल्याकडे फारशी घेतली जात नाही, याची खंत वाटते.

लवचीक नळीत अवजारांसाठी वेगळी वाट ठेवली गेली आणि पाहणाऱ्या यंत्राच्या हाती उपचार आला. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी मोठ्या आतड्यातला पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली गाठ, तारेच्या फासाने, विजेच्या साहाय्याने, पोट न उघडता काढला. या कृतीचे नाव पॉलिपेक्टॉमी. येथे शेवटच्या प्रत्ययाकडे लक्ष द्यावे. ‘स्कोपी’ म्हणजे पाहणे, ‘टॉमी’ म्हणजे छेद देणे, ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढणे आणि ‘स्टॉमी’ म्हणजे तोंड, अर्थात कृत्रिम द्वार, तयार करणे. गॅस्ट्रोटॉमीत जठराला छेद देऊन काम झाल्यावर तो शिवला जातो, तर गॅस्ट्रोस्टॉमीत अन्नाच्या नळीसाठी द्वार राखले जाते. एका ‘स’ने रुग्णाचे पुढचे सारे दिवस बदलतात. १९८० मध्ये गॉडरर आणि पॉन्स्की यांनी प्रसिद्ध केलेली, एंडोस्कोपीच्या मदतीने अशी नळी बसवण्याची ‘पेग’ पद्धत याच दुसऱ्या प्रकारातली आहे.

ईआरसीपी, म्हणजे एंडोस्कोपिक रेट्रोग्रेड कोलँजिओपँक्रिएटोग्राफी, या नावाने मात्र आजही दिशाभूल होते. त्याच्या अखेरीस ‘ग्राफी’ आहे, म्हणजे पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका यांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्र घेणे, आणि १९६८ मध्ये ते तेवढ्यासाठीच सुरू झाले. १९७४ मध्ये जर्मनीत क्लासेन आणि डेमलिंग यांनी, तसेच जपानमध्ये कावाई यांनी, नलिकेच्या तोंडाशी असलेला आकुंचक स्नायू एंडोस्कोपमधून छेदण्याची स्फिंक्टरोटॉमी वर्णन केली. आता निव्वळ चित्रासाठी एमआरसीपी, म्हणजे या नलिकांचे एमआरआय चित्र, पुरते आणि ईआरसीपी बहुतांशी उपचारासाठीच होते. नाव तपासणीचे आणि काम छेदाचे, म्हणून ती ‘साधी तपासणी’ समजणे चुकीचे आहे. स्वादुपिंडाला सूज येणे हा तिचा ज्ञात धोका आहे.

सुश्रुतसंहितेत नाडीयंत्रांचे, म्हणजे पोकळ नळ्यांचे, हेतू सांगताना रोगदर्शन, म्हणजे रोग पाहणे, आणि क्रियासौकर्य, म्हणजे उपचाराची कृती सुकर करणे, हे दोन्ही एकत्र दिले आहेत. त्यावरून एंडोस्कोपी आपल्याकडे आधीच होती असे म्हणता येत नाही, कारण खोल जाणारा प्रकाश त्या नळ्यांत नव्हता. पण पाहणे आणि करणे यांना तिथे वेगवेगळी नावे आहेत, हे मला मोलाचे वाटते.

लॅपरोस्कोपीची वाट वेगळी आहे. गेओर्ग केलिंग यांनी १९०१ मध्ये कुत्र्याच्या पोटात हवा भरून सिस्टोस्कोपने पाहिले आणि स्वीडनच्या याकोबेउस यांनी १९१० मध्ये ते माणसात केले. मुंबईत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये या मार्गाने पित्ताशय काढले. पित्ताशयातला खडा पित्तनलिकेत अडकलेल्या रुग्णाला अनेकदा दोन्ही वाटांनी जावे लागते. घरचे ‘दोनदा दुर्बीण घातली’ एवढेच सांगतात. त्यातल्या पहिल्या वेळी ईआरसीपीने तोंडावाटे खडा काढलेला असतो आणि पोटावर टाका नसतो, तर दुसऱ्या वेळी पोटावरच्या तीन-चार छिद्रांतून पित्ताशयच काढून टाकलेले असते.