इम्युनोथेरपीचे संप्रेरकीय दुष्परिणाम

निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, इपिलिमुमॅब ही कर्करोगावरची इम्युनोथेरपीची औषधे प्रतिकारपेशींवरचा लगाम काढतात. (हा लगाम ओळखून उपचाराची वाट दाखवल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.) मोकळ्या सुटलेल्या पेशी कधी शरीराच्याच ग्रंथींवर चालून जातात.

थायरॉईड सर्वांत जास्त वेळा तावडीत सापडते. आधी ग्रंथीतला संप्रेरकाचा (हार्मोनचा) साठा रक्तात सांडतो: धडधड, थरथर, वजनात घट. काही आठवड्यांत साठा संपतो, टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारे संप्रेरक) चढते, थंडी आणि सुस्ती येते. सांडण्याच्या काळात कार्बिमाझोलचा (थायरॉईडचे उत्पादन रोखणाऱ्या गोळीचा) उपयोग नसतो, कारण ग्रंथी जास्त बनवतच नसते. धडधडीवर प्रोप्रॅनोलॉल पुरते.

पिट्यूटरीला (मेंदूच्या तळाशी असलेल्या, इतर ग्रंथींना हुकूम देणाऱ्या ग्रंथीला) सूज बहुधा इपिलिमुमॅबने, दोन-तीन महिन्यांत येते. डोके दुखते, अंग गळते, सोडियम उतरते. घरचे ‘केमोचा अशक्तपणा’ म्हणून सोडून देतात. मुळात ही केमोच नव्हे. या सुजेने कॉर्टिसोल, म्हणजे शरीराला ताण पेलायला लावणारे संप्रेरक, कमी पडते. त्याच्या तपासणीचे रक्त सकाळी आठच्या सुमारास काढावे लागते. चंदगडहून एसटीने कोल्हापुरात आलेल्याचे रक्त अकराला घेतले, तर निरोग्याचाही आकडा उतरलेला दिसतो. अशाने नमुना तालुक्यातच द्यावा किंवा आदल्या रात्री शहरात मुक्काम करावा. उलटीसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड दिले असल्यास आकड्यावर विसंबता येत नाही.

कॉर्टिसोल आणि थायरॉईड दोन्ही कमी असतील तर क्रम चुकवू नये. थायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी) आधी दिले की उरलेसुरले कॉर्टिसोल झपाट्याने खर्ची पडते आणि रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलची जागा घेणारे औषध), दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत, मोठा भाग सकाळी. तापात डोस दुप्पट-तिप्पट करतात. उलटीने गोळी टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन आणि थेट इस्पितळ.

मधुमेह शंभरात साधारण एकाला होतो, पण तो काही दिवसांतच जिवावर बेतू शकतो. सारखी तहान लागते, आणि उन्हाळ्यात घरचे प्रेमाने उसाचा रस पाजतात. पोटदुखी, उलट्या, धाप दिसताच साखर आणि किटोन (इन्सुलिनअभावी रक्तात साचणारी आम्ले) तपासावेत. तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) साधारण निघाली तरी फसू नये. साखर आत्ताच चढलेली असते. इथे इन्सुलिनच लागते.

स्टेरॉईडच्या मोठ्या डोसाने सहसा ग्रंथी वाचत नाही. पण उणे संप्रेरक गोळी-इंजेक्शनने भरले की प्रकृती स्थिरावल्यावर इम्युनोथेरपी बहुधा चालू ठेवता येते. त्रास औषध थांबल्यावर काही महिन्यांनीही उद्भवतो. म्हणून गावच्या डॉक्टरला दाखवायला औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसाची तारीख लिहिलेला कागद खिशात असावा.