गॅलिलिओचं गलबत आणि घरातली ट्रेडमिल

“मामा, मशीनवर पळण्यात काय आहे? पट्टा आपोआप मागे जातो, आपण पाय तेवढे उचलायचे. ते खरं पळणं नव्हेच म्हणतात.”

भाचा डोंबिवलीला राहतो. हिवाळ्यात पहिली हाफ मॅरेथॉन पळायची म्हणून मार्चपासून पहाटे उठून सराव करत होता. जुलैत पाऊस आणि खड्डे यांनी मिळून तो बंद पाडला. घरी ट्रेडमिल घ्यावी असं त्याच्या मनात आलं, तर पळणाऱ्या मित्रांनी वरचं वाक्य ऐकवलं आणि दुकानात जायच्या आधीच तो नाउमेद झाला. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. हा गैरसमज माझ्या जुन्या ओळखीचा आहे, वर्गात दरवर्षी वेगळ्या वेषात भेटतो. आधी त्याचाच निकाल लावू, कारण कोणती ट्रेडमिल घ्यावी याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

१६३२ साली गॅलिलिओने वाचकाला जहाजाच्या पोटातल्या एका बंद खोलीत नेऊन बसवलं. खोलीत फुलपाखरं उडताहेत, भांड्यात मासे पोहताहेत, वर टांगलेल्या बाटलीतून थेंब थेंब पाणी खालच्या भांड्यात पडतंय. जहाज उभं असताना हे सगळं नीट पाहून ठेवा. आता जहाज हवं तेवढ्या वेगाने जाऊ द्या. अट एकच, वेग एकसारखा हवा आणि हेलकावे नकोत. फुलपाखरं मागच्या भिंतीला जाऊन चिकटत नाहीत, थेंब मागे सांडत नाहीत, पुढे उडी मारायला जास्त जोर लागत नाही. आत बसून कुठलाही प्रयोग करा, जहाज चालू आहे की उभं, हे सांगता येत नाही. त्याच्याही अकराशे वर्षं आधी आर्यभटाने नावेचाच दाखला दिला होता: नावेत बसलेल्याला काठ मागे जाताना दिसतो, तसे आपल्याला तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, फिरते ती पृथ्वी. डोंबिवलीची जमीन पृथ्वीच्या फिरण्यामुळे या क्षणी ताशी सुमारे १,५७५ किमी वेगाने पूर्वेला चालली आहे. त्या पट्ट्यावर आपण जन्मभर चालतो आणि पाय कोणी ओढतंय असं कधी वाटत नाही.

आता ट्रेडमिलच्या पट्ट्यावर एक मुंगी बसवा. तिच्या लेखी पट्टा स्थिर आहे, भिंती आणि पंखा पुढे सरकताहेत आणि त्यांच्याबरोबर एक माणूस ताशी १० किमी वेगाने पुढे पळतोय. रस्त्यावरच्या मुंगीलाही पळणारा माणूस नेमका असाच दिसतो. “पट्टा पाय मागे नेतो” हे खरंच आहे, पण रस्त्यावरही पाय टेकला की तो कमरेच्या मागेच जातो ना? शरीराच्या मानाने पाहिलं तर रस्ताही तितक्याच वेगाने मागे सरकतो. स्नायूंना आजूबाजूचा देखावा कळत नाही, त्यांना फक्त बल कळतं. आणि बल दोन्हीकडे सारखंच.

मात्र दांडी धरली की हे गणित मोडतं. दांडी पट्ट्याच्या जगातली नाही, ती खोलीच्या जगातली आहे. जहाजाच्या खिडकीतून हात बाहेर काढून धक्क्याला धरावं तसं ते आहे. तोल गेला तर जरूर धरा, पण धरून पळाल तर ते खरोखरच फुकटचं पळणं होईल.

दुसरा फरक हवेचा. रस्त्यावर आपण हवा कापत जातो, ट्रेडमिलवर हवा खोलीबरोबर उभी असते. हा फरक किती? सर्वसाधारण बांध्याच्या माणसाला ताशी १० किमी वेगाने हवेचा विरोध साधारण २ न्यूटन होतो. म्हणजे दोनशे ग्रॅमच्या पुड्याचं वजन, आणि तो ढकलायला लागतात जेमतेम ६ वॉट. पण विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. ताशी १८ किमीला तीच शक्ती सुमारे ३४ वॉट होते.

“ट्रेडमिलला १ टक्का चढ ठेवा, म्हणजे रस्त्यासारखं होतं” हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. त्याचं मूळ १९९६ सालच्या जोन्स आणि डाउस्ट यांच्या अभ्यासात आहे. त्यांनी नऊ सरावलेल्या धावपटूंचा रस्त्यावरचा आणि ट्रेडमिलवरचा प्राणवायूचा खर्च मोजला. गणित करून पाहा: ७० किलोचा माणूस ताशी १८ किमीने १ टक्का चढावर पळाला तर गुरुत्वाविरुद्ध ३४ वॉट लागतात. हवेची उधारी बरोबर फिटली! पण ताशी १० किमीला त्याच चढाला १९ वॉट लागतात आणि हवेची उधारी आहे ६ वॉटची. त्यामुळे नवशिक्या धावपटूने चढ शून्यावर ठेवला तरी तो स्वतःला फसवत नाही. सल्ला वेगवान धावपटूंसाठी होता, तो सरसकट सगळ्यांना लागू झाला.

यावर भाच्याने विचारलेला प्रश्न मला फार आवडला. “पण मामा, मशीन चढावर ठेवलं तरी मी वर कुठे जातो? तिथेच असतो. मग गुरुत्वाविरुद्ध काम कसलं?”

मुंगीकडे जा. तिला तुम्ही खरोखर चढताना दिसता. ५ टक्के चढावर ताशी १० किमीने पळताना तुम्ही तिच्या हिशेबात दर सेकंदाला १४ सेंटीमीटर वर जाता, म्हणजे सुमारे ९५ वॉट. खोलीतल्या माणसाला मात्र तुमची उंची वाढताना दिसत नाही. मग त्याच्या हिशेबात ते ९५ वॉट गेले कुठे? पट्ट्यात. उतरत्या पट्ट्यावर तुमच्या वजनाचा एक घटक पट्ट्याच्याच दिशेने दाबतो आणि पट्टा फिरवायला मदत करतो. तुम्ही मोटरचं तेवढं ओझं उचलता. दोन वह्यांत नोंद वेगवेगळ्या खात्याला झाली, पण शरीरातून खर्च झालेली रक्कम तीच. मला हा हिशेब गेली कित्येक वर्षं तितकाच सुंदर वाटत आला आहे.

आता मुद्द्यावर येतो. गॅलिलिओची अट आठवा: वेग एकसारखा हवा. ट्रेडमिलचा पट्टा तसा असतो का? इथेच यंत्रायंत्रांत फरक पडतो.

मोटरचं मुख्य काम पट्टा आणि त्याखालची फळी यांच्यातल्या घर्षणाशी झगडण्याचं. घर्षण वजनाच्या प्रमाणात असतं. घर्षणांक ०.२ धरला तर ७० किलोच्या माणसाखाली ताशी १० किमीला सरासरी ३८० वॉट लागतात, म्हणजे अर्धी अश्वशक्ती. फळी कोरडी पडून घर्षणांक दुप्पट झाला की मोटरवरचा भारही दुप्पट. कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन तेल ठरलेल्या मुदतीत सोडायचं ते यासाठी.

पण ही झाली सरासरी. पळणारा माणूस जवळजवळ एक-तृतीयांश वेळ हवेत असतो, आणि पाय टेकला की फळीवर वजनाच्या दोन-अडीच पट जोर येतो. शिवाय टेकताना पाऊल पट्ट्याला क्षणभर उलट, पुढच्या बाजूला ढकलतं. त्या क्षणी मोटरकडे हजार-दीड हजार वॉटची मागणी येते, आणि पुढच्या क्षणी जवळजवळ काहीच नाही. मिनिटाला १६० ते १७० वेळा हे घडतं. मोटर दमदार असेल, तिच्या आसावर जड फ्लायव्हील, म्हणजे गती टिकवून धरणारं वजनदार चाक, असेल, तर फ्लायव्हीलमध्ये साठलेली गती तो धक्का पचवते. नसेल तर प्रत्येक पावलाला पट्टा अडखळतो आणि पाय उचलला की झटका देऊन पुढे सुटतो. म्हणजे जहाजाला हेलकावे बसले. मुंगीची चौकट आता जडत्वीय, म्हणजे एकसारख्या वेगाने जाणारी, राहिली नाही; तीत दर पावलाला आभासी बल, म्हणजे बस थांबताना आपल्याला पुढे ढकलल्यासारखं वाटतं तसलं बल, येऊन जातं, आणि पायाला ते कळतं. “मशीनवर पळताना विचित्र वाटतं” या तक्रारीत स्वस्त मशीनच्या बाबतीत बरंच तथ्य आहे. दोष पट्टा फिरण्यात नाही, तो एकसारखा न फिरण्यात आहे.

आम्ही दुकानात गेलो तेव्हा विक्रेत्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं, “काका, ही पाच एचपीची आहे.” मी मागे वाकून प्लग पाहिला. साधी ६ अँपिअरची पिन. २३० व्होल्ट गुणिले ६ म्हणजे १,३८० वॉट, जेमतेम १.८५ अश्वशक्ती. ५ अश्वशक्ती म्हणजे ३,७३० वॉट. ते १६ अँपिअरच्या सॉकेटमधूनही निघत नाहीत. जाहिरातीतला ‘पीक एचपी’ हा मोटर क्षणभर किती ताण सोसते याचा आकडा असतो. तासभर तापून न जाता ती किती देते, हा ‘कंटिन्युअस’चा आकडा विचारायचा. मागच्या पट्टीवर इनपुट वॉट लिहिलेले असतात, ते वाचायचे.

पट्ट्याची लांबीही अंदाजाने घेऊ नका. ताशी १० किमीला पाय साधारण पाव सेकंद टेकलेला असतो, तेवढ्यात तो ७० सेंटीमीटर मागे जातो. त्यात पावलाची लांबी मिळवली की जवळजवळ एक मीटर झाला. माणूस थोडा मागेपुढे सरकतोच, म्हणून १२० सेंटीमीटर हे अगदी काठावरचं माप. ताशी १४ किमीला हीच बेरीज ११० च्या वर जाते, तेव्हा १४० तरी हवेत. चालण्यासाठी यापेक्षा बरंच आखूड चालतं.

उकाड्याचं मात्र आधीच ठरवा. ७० किलोचा माणूस तासात १० किमी पळाला तर सुमारे ७०० किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यातला बहुतेक भाग उष्णता होऊन बाहेर पडावा लागतो. एक लिटर घाम वाळला की ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. टपकून खाली पडला तर काहीच जात नाही. बाहेर पळताना आपलाच वारा आपल्याला लागतो, घरात तो पंख्याने पुरवावा लागतो. याच कारणाने घाम काढणारी प्लास्टिकची जॅकेटं घालून ट्रेडमिलवर पळण्याचं खूळ धोक्याचं आहे. घाम म्हणजे वितळलेली चरबी नव्हे. १० किलो चरबी जळते तेव्हा त्यातला ८.४ किलो भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातो. जॅकेट घातल्याने फक्त पाणी जातं आणि शरीर तापतं. दुकानात एका गृहस्थाने मशीनचं तोंड कोणत्या दिशेला शुभ, असंही विचारलं. तोंड खिडकीकडे आणि मागे दोन मीटर मोकळी जागा, जेणेकरून पडलं तर भिंतीत अडकायला होऊ नये, एवढं पाहावं. सुरक्षेची दोरी कपड्याला अडकवल्याशिवाय पट्ट्यावर पाय ठेवू नये.

खरी परीक्षा आम्ही शेवटी घेतली. यंत्र बंद करून, पट्टा हाताने सरकवत शिंप्याच्या टेपने त्याचा पूर्ण वेढा मोजला: ३ मीटर. काठावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. ताशी १० किमीला २० फेऱ्यांना, म्हणजे ६० मीटरला, २१.६ सेकंद लागायला हवेत. रिकाम्या पट्ट्याला तेवढेच लागले. मग भाचा वर चढून पळू लागला आणि मी मोबाइलवर चित्रीकरण करून फेऱ्या मोजल्या: २२.९ सेकंद. पडद्यावर १० दिसत होते, पायाखाली मात्र ९.४ होते, आणि संथ गतीत पाहिल्यावर पांढरा तुकडा दर पावलाला चक्क थबकताना दिसला. शेजारच्या, तीन अश्वशक्ती कंटिन्युअस लिहिलेल्या यंत्राचा वेढाही ३ मीटरच भरला. त्यावर २१.८ सेकंद लागले. दिसायला साधं, गाणी वाजवणारे स्पीकर नाहीत, वजन मात्र पहिल्यापेक्षा बरंच जास्त. विक्रेता सुरुवातीला वैतागला होता, पण शेवटी त्यानेच तिसऱ्या यंत्राला चिकटपट्टी लावून पाहिली.

दुसरं यंत्र आता डोंबिवलीच्या घरात खिडकीशी आहे, बरोबर तुळईच्या वर, खाली जाड रबरी चटई घालून. स्लॅबच्या मध्यावर ठेवलं असतं तर प्रत्येक पाऊल खालच्या आजींच्या छतावर वाजलं असतं. बाजूच्या पट्टीवर भाच्याने पेन्सिलीने ‘२१.८’ लिहून ठेवलंय. दर महिन्याला तो पुन्हा मोजतो. ऑक्टोबरात आकडा २२.३ झाला, त्या रात्री त्याने तेल सोडलं.