तबकडीवरचं नाव : गायिकांच्या गाजलेल्या गाण्यांची पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. त्या काळातल्या त्यांच्या तबकड्या ऐकल्या तर गाणं संपता संपता बाई इंग्रजीत स्वतःचं नाव सांगून मोकळ्या होतात. ऐकायला ऐट वाटते, पण कारण साधं आणि व्यवहाराचं. मूळ मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जायचं, साचे आणि तबकड्या तिथे निघायच्या. तिथल्या कारागिरांना आपल्या गाण्यातलं ओ की ठो कळत नसे. लेबलावर कुणाचं नाव छापायचं हे त्यांना गाण्यातूनच कळावं, म्हणून ही घोषणा.

गायिकांच्या ‘हिट’ गाण्यांचा इतिहास बहुतेक वेळा आवाजाच्या गोडव्यावर बेतला जातो. गोडवा होताच. पण कुठला आवाज गाजणार हे त्या त्या काळातल्या यंत्रानेही ठरवलं, आणि गाजलेल्या आवाजाचं नाव लोकांना कळणार की नाही, त्यातून बाईंच्या हाती काय पडणार, हे कंपनी, निर्माता आणि कायदा यांनी ठरवलं.

सुरुवातीला मायक्रोफोन नव्हताच. गायिकेने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, सारंगी-तबलेवाल्यांनी जमेल तेवढं जवळ बसायचं. कर्ण्यातून खर्ज जवळजवळ उतरत नसे. तानपुऱ्याचा भरणा हरवायचा, हळुवार शब्द विरून जायचा. टिकायचा तो टिपेचा, धारदार, फेकीचा आवाज. त्यामुळे कोठीवरच्या आणि मैफलीच्या गायिका इथे सहज उजव्या ठरल्या. दुसरी अडचण वेळेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावत. आलाप लांबला तर सुई लेबलापाशी पोचायची आणि मेणाची तबकडी वाया. म्हणून आलाप छाटायचा, बंदिशीचं तोंड लगेच धरायचं आणि ठेवणीतल्या चार ताना शेवटासाठी राखायच्या, असा आराखडा ठरून गेला. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेली गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, याच मापातली आहे. साडेतीन मिनिटांत बाईंनी काय काय बसवलंय ते ऐकण्यासारखं आहे.

महाराष्ट्रात एक गंमत अशी की त्या काळातली सर्वांत लाडकी ‘बाईची’ गाणी पुरुषाच्या गळ्यातली होती. संगीत नाटकांतल्या सुभद्रा, भामिनी, सिंधू या सगळ्या नायिका बालगंधर्वांच्या. कुळवंत घरातल्या स्त्रीने रंगभूमीवर गावं हे समाजाच्या पचनी पडायला बराच काळ जावा लागला. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात ज्योत्स्ना भोळे यांनी भूमिका केली आणि केशवराव भोळे यांच्या चालीवर ‘एकलेपणाची आग लागली हृदया’ हे पद म्हटलं. वन्समोअरच्या जोरावर वीस मिनिटं चालणारं हे पद नव्हतं. छोटं, शब्द जपणारं आणि प्रसंगाला धरून असलेलं होतं. तोवर ध्वनिमुद्रणात विजेचा मायक्रोफोनही आला होता. आवाज फेकण्याची सक्ती संपली, कुजबूजही तबकडीवर उतरू लागली. मराठी भावगीताची वाढ याच सुमाराला झाली, त्याचं श्रेय कवींइतकंच मायक्रोफोनलाही द्यावं लागेल. १९४२ च्या ‘कुलवधू’मधलं मास्टर कृष्णरावांच्या चालीचं ‘बोला अमृत बोला’ हे या वळणावरचं सर्वांत गाजलेलं गाणं.

सिनेमात १९३१ पासून नट-नट्या स्वतःच गात. कॅमेरा आणि ध्वनिमुद्रण एकाच वेळी चाले, वादक चौकटीबाहेर कुठेतरी लपवलेले. १९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’ (बंगालीत ‘भाग्यचक्र’) चित्रपटात रायचंद बोराल यांच्या संगीतात गाणं आधी मुद्रित करून नंतर चित्रित केलं. ते गाणं बायकांच्या समूहाचं होतं, आणि पारुल घोष त्यात होत्या. पार्श्वगायन ते हेच. दिसणं आणि गाणं वेगळं झालं आणि गाणारीचं नाव हरवायची सोयही झाली. तबकडीच्या लेबलावर अनेकदा पात्राचं नाव छापलं जाई.

याचा कडेलोट ‘महल’ने झाला. १९४९, संगीतकार खेमचंद प्रकाश, गाणं ‘आएगा आनेवाला’. तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या मधुबालाच्या पात्राचं. रेडिओवर गाणं लागलं आणि ही कामिनी कोण, अशी पत्रांची रीघ लागली. तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव जाहीर झालं. त्याच वर्षी ‘बरसात’, ‘अंदाज’, ‘पतंगा’ आले आणि पुढे लेबलावर गायिकेचं नाव ही रीत पडली.

‘महल’च्या गाण्याची सुरुवात कशी मुद्रित झाली तेही पाहण्यासारखं आहे. आवाज लांबून जवळ येतोय असं ऐकू यायला हवं होतं. आजच्यासारखा आवाजाची पातळी हळूहळू चढवून अंतराचा भास करण्याचा मार्ग तेव्हा पुरेसा नव्हता. पातळी कमी केली की आवाज नुसता बारीक होतो, लांबचा होत नाही, कारण लांबच्या आवाजात खोलीचा घुमारा मिसळलेला असतो. म्हणून माइक मधोमध ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून सुरुवातीच्या ओळी म्हणत एकेक पाऊल पुढे आल्या. मुखडा सुरू होताना बरोबर माइकपाशी. पावलांचा आवाज नको, सूर ढळता कामा नये आणि ठेका चुकला तर सगळं पहिल्यापासून. हेडफोन लावून ऐका, घुमारा कमी होत जातो ते स्पष्ट कळतं.

माइकपाशी गाण्याचं तंत्र हे वेगळंच शास्त्र. श्वास कुठे घ्यावा आणि तो श्रोत्याला कळू न देता कसा घ्यावा, हे आपल्याला संगीतकार अनिल विश्वास यांनी शिकवलं असं लताबाई नेहमी सांगत. ‘भ’, ‘फ’, ‘ख’ या अक्षरांचा झोत थेट माइकवर आला की फटका बसतो, म्हणून त्या अक्षरापुरती मान किंचित वळवायची. पन्नाशीच्या दशकात पूर्ण वाद्यवृंद आणि गायिका एकाच वेळी, एकाच ट्रॅकवर मुद्रित होत. शेवटच्या कडव्यात एका व्हायोलिनचा गज घसरला तरी टेक, म्हणजे ते सगळं सलग मुद्रण, बाद. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब इथे दिवसच्या दिवस असे जात.

पट्टीचा, म्हणजे पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीला ‘सा’ धरून गायचं याचा, प्रश्न तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. गायिकेची सोयीची पट्टी साधारण काळी चार ते काळी पाच, पुरुषाची काळी एक-दोन. युगुलगीत एकाच पट्टीत बांधायचं तर कुणालातरी ओढाताण होणारच, आणि ती बहुधा गायिकेची व्हायची. एक तर खाली उतरून आवाज दबलेला लागणार, नाहीतर वरच्या सप्तकात तीव्र होणार. ‘जंगली’मधलं (१९६१) ‘एहसान तेरा होगा मुझ पर’ रफींचं आणि लताबाईंचं लागोपाठ ऐका. लताबाईंची आवृत्ती रफींच्याच पट्टीत आहे. गोड आहे, पण किती वर गावं लागलंय ते कान देऊन ऐकणाऱ्याला लगेच जाणवेल.

या सुमाराला रेडिओचा एक तिढा पडला. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खातं बा. वि. केसकरांकडे आलं, आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. मंत्री मराठी, आणि ज्यांची गाणी बंद झाली त्यांतल्या सर्वांत मोठ्या गायिकाही मराठी! आकाशवाणी आणि चित्रपट निर्मात्यांच्या भांडणात एक मुद्दा नावाचाच होता. आकाशवाणी गायकाचं नाव सांगायची, पण चित्रपटाचं नाव म्हणजे जाहिरात म्हणून गाळायची. निर्माते बिथरले आणि त्यांनी परवानग्या काढून घेतल्या. श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच डिसेंबरात अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि पुढे तिच्यातून ‘हिट’ला दर आठवड्याचा क्रमांक मिळू लागला. आकाशवाणीने १९५७ मध्ये विविध भारती काढून चूक निस्तरली. लघुलहरींवरच्या खरखरीत आणि लहान स्पीकरवर बारीक, स्वच्छ, वरच्या पट्टीचा आवाज आरपार यायचा. शमशाद बेगम, जोहराबाई अंबालेवाली यांच्या भरदार गळ्यांची जागा लताबाईंच्या आवाजाने घेतली, त्यात गायकीइतकाच या रेडिओचाही हात असावा असं आमचं मत आहे.

मान मात्र उशिराच मिळाला. फिल्मफेअरचा पार्श्वगायनाचा पुरस्कार १९५९ मध्ये सुरू झाला, तोही गायक-गायिका मिळून एकच. पहिला गेला ‘मधुमती’च्या ‘आजा रे परदेसी’ला. १९६८ पासून दोन वेगळे झाले. पैशांची गोष्ट त्याहून कडू. गायिकेला एकरकमी मानधन मिळायचं, तबकड्या लाखांनी खपल्या तरी पुढचा वाटा नाही. लताबाईंनी रॉयल्टी मागितली. मानधन मिळालं की गायकाचा हक्क संपला, असं रफींचं म्हणणं. साठच्या दशकात काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. त्या पोकळीत सुमन कल्याणपूर यांना रफींबरोबरची उत्तम गाणी मिळाली : ‘ना ना करते प्यार’ (१९६५), ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’ (१९६८). ही गाणी लताबाईंची समजून ऐकणारे आजही कमी नाहीत.

मराठी सिनेमात याच काळात लावणीने वेगळी वाट धरली. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये वसंत पवारांच्या संगीतात आशा भोसले यांनी ‘बुगडी माझी सांडली गं’ गायलं आणि चित्रपट पुण्याच्या विजयानंदमध्ये दोन वर्षांहून जास्त चालला. पण लावणीचा खरा गळा सुलोचना चव्हाण यांचा. ‘सोळावं वरीस धोक्याचं’ (‘सवाल माझा ऐका’, १९६४) किंवा गदिमांचं ‘फड सांभाळ तुऱ्याला गं आला’ (‘मल्हारी मार्तंड’) नीट ऐका. ढोलकीचा कडकडाट आणि शब्द दोन्ही एकाच ठिकाणी आदळतात, त्यामुळे लावणीत सर्वांत आधी शब्द मरतो. सुलोचनाबाई व्यंजन ठेक्याच्या किंचित आधी टाकतात आणि स्वर ठेक्यावर आणतात. ‘धोक्याचं’मधला ‘धो’ ढोलकीखाली दबत नाही तो त्यामुळे. शब्दफेकीचे हे धडे त्यांना पती श्यामराव चव्हाण यांच्याकडून मिळाले. आणि इतकी ठसकेबाज लावणी बाई डोक्यावर पदर घेऊन, जागेवरून न हलता म्हणत. ठुमका गळ्यातच होता.

१९६४ मध्येच ‘मराठा तितुका मेळवावा’ चित्रपटात ‘रेशमाच्या रेघांनी’ आलं. शब्द शांता शेळके यांचे, आवाज आशाबाईंचा आणि संगीतकार म्हणून नाव ‘आनंदघन’. लेबलावर आपलं नाव यावं म्हणून झगडलेल्या लताबाईंनी संगीतकार म्हणून मात्र टोपणनाव घेतलं.

सत्तरच्या दशकात आशाबाई आणि राहुलदेव बर्मन यांनी श्वास, उसासे, खालचे स्वर हेच गाण्याचं साहित्य बनवलं. ‘पिया तू अब तो आजा’ (१९७१) हे एरवी टेक बाद करायला लावणाऱ्या आवाजांवरच उभं आहे. दहा वर्षांनी ‘उमराव जान’साठी खय्याम यांनी आशाबाईंना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं आणि राष्ट्रीय पुरस्कार आला. उषा मंगेशकरांचं ‘मुंगळा’ (१९७७) आणि ‘जय संतोषी माँ’ची आरती (१९७५) एकाच गळ्यातली आहे हे सांगितल्यावर लोक चमकतात. १९८० मध्ये लंडनमध्ये संगीतकार बिड्डू यांनी मुद्रित केलेलं नाझिया हसनचं ‘आप जैसा कोई’ आलं. पंधरा वर्षांची मुलगी, अनेक ट्रॅकवर वेगवेगळी मुद्रित केलेली वाद्यं आणि दुहेरी केलेला आवाज. मुंबईतल्या स्टुडिओंना हा आवाज नवा होता.

मग कॅसेट आली. तबकडीला कारखाना लागे, कॅसेटला एक खोली पुरे. कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद होती की मूळ मुद्रणाला दोन वर्षं झाली की नोटीस देऊन, रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेता येतं. टी-सिरीजने या वाटेने जुन्या गाण्यांच्या स्वस्त आवृत्त्या बाजारात ओतल्या. अनुराधा पौडवाल यांचा आवाज घराघरांत पोचला तो ‘आशिकी’ (१९९०) आणि भक्तिगीतांबरोबरच या वितरणामुळेही. पुढे ‘अप्सरा आली’ (२०१०) गाजलं तेव्हा लोक गाणी मोबाइलवर ऐकत होते, आणि कडव्यापेक्षा धृवपदाचे पहिले काही सेकंद जास्त महत्त्वाचे झाले होते. २०१२ च्या दुरुस्तीने दोन वर्षांची मुदत पाच केली आणि गायकांना व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचा हक्क दिला. २०१३ मध्ये त्यांची स्वतःची संस्था, इसरा, उभी राहिली. तोवर साठच्या दशकातला लताबाईंचा रॉयल्टीचा मुद्दा जवळजवळ पन्नास वर्षं जुना झाला होता.

आज जुनी गाणी आंतरजालावर ऐकणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. साठच्या दशकाच्या आरंभापर्यंतचं हिंदी-मराठी सिनेगीत ऐसपैस स्टिरिओत, चकचकीत ड्रमसह ऐकू आलं, तर ते बहुधा कॅसेटच्या काळातलं पुन्हा गायलेलं असतं, किंवा मूळ मुद्रणावर नंतर संस्कार केलेले असतात. दुसरं, वेग. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडची दूरचित्रवाणी २५ ने. टीव्हीवरून किंवा व्हीसीडीवरून उचललेलं गाणं ४ टक्के जलद चालतं आणि काळी चारचं गाणं जवळजवळ पांढरी सहात जातं. पेटी घेऊन साथ करायला बसलं की सूर दोन पट्ट्यांच्या मधेच अडकतो. वेग ९६ टक्क्यांवर आणला की गाणं आपल्या पट्टीत येतं. कर्ण्याच्या काळातल्या तबकड्यांना हा हिशेब लागू नाही. त्यांचा वेग मुळातच ठरलेला नसे, म्हणून गौहर जान यांची तबकडी सरसकट ७८ वर लावली तर त्या आहेत त्यापेक्षा बारीक आणि घाईत गाताना ऐकू येऊ शकतात.